फेअर वही आणि रफ वही

गेल्या आठवड्यात खानापूर तालुक्यातल्या एका आईचा फोन आला. मुलगी पाचवीत आहे. वर्गशिक्षिकेनं बोलावून सांगितलं होतं, "हिला आमच्याकडं झेपत नाही, एखादी छोटी शाळा बघा." सांगता सांगता आई थांबली आणि मग एका दमात तीन प्रश्न आले. छोट्या शाळेत घातलं तर पोरगी सुधारेल का? तिथून दहावीला बसता येतं का? आणि तिसरा, आवाज खाली घेऊन, "लोक तिला येडी म्हणायचे न्हाईत न्हवं, म्याडम?"

बेळगावात शहापूरला मी समुपदेशक म्हणून बसते. तिथल्या माझ्या माडीवरच्या खोलीत हे तीन प्रश्न मी इतक्यांदा ऐकलेत की त्यांचा क्रमही पाठ झालाय. तिसरा नेहमी शेवटी येतो आणि खरा तोच असतो. फोनवर मी एवढंच म्हटलं की, या, बसून बोलू. पण त्या रात्री मला बाळू आठवत राहिला. त्याची गोष्ट घरच्यांना विचारून सांगतेय. नाव बदललंय, ओळखीच्या खुणाही थोड्या हलवल्यात.

बाळू बेळगावच्या पश्चिमेकडच्या एका गावातला. तांबडी माती, पावसाळ्यात भात, माळावर रताळी. वडील उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर कामाला, आई शेत बघून घरचंही बघणारी, आज्जा मराठा लाइट इन्फंट्रीचे पेन्शनर. चौथीपर्यंत तो गावातल्या सरकारी मराठी शाळेत होता. शाळेचा पट सतरावर आला तसं वडिलांनी ठरवलं की सतरा पोरांची शाळा ही काय शाळा, आणि पाचवीला त्याला शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातलं. तिथं वर्गात छप्पन्न मुलं होती.

सहावीच्या जुलैत ते माझ्याकडं आले ते पोटदुखी घेऊन. व्हॅनचा हॉर्न वाजला की बाळूच्या पोटात कळ यायची. रविवारी नाही, सणाला नाही. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, गॅसच्या गोळ्या दिल्या. आज्जीनं देवाला कौल लावला. "रोज सकाळी दुखूलंय म्हणतंय, आणि व्हॅन गेली की भाकरी खातंय," आई म्हणाली. तिला हसू आणि रडू एकदमच येत होतं.

आईनं पिशवीतून वह्या काढून माझ्यासमोर मांडल्या. नीट तांबड्या रेघा मारलेल्या फेअर वह्या. अक्षर टपोरं, शुद्धलेखन जवळजवळ बिनचूक, पानापानावर बाईंची सही आणि एक-दोन तारे. मी त्या चाळल्या आणि फसले. लिहिता तर येतंय, म्हणजे अडचण माध्यम बदलण्याची आहे, असं मी धरलं. मराठी घरातलं पोर, अचानक सगळं इंग्रजीत, नवे चेहरे, घाबरणारच. दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत वेळ द्या, घरी इंग्रजी कानावर पडू दे, असा सल्ला देऊन मी त्यांना पाठवलं. त्या सल्ल्यापायी त्या मुलाचे तीन महिने गेले. समुपदेशक म्हणून अशा चुका माझ्या खात्यावर बऱ्याच आहेत, ही मला जास्त टोचते, कारण पुरावा माझ्या टेबलावर होता आणि मी चुकीच्या बाजूनं वाचला.

नवरात्रात आई परत आली. पोटदुखी तशीच होती. येताना तिनं माझ्यासाठी शेतातली रताळी आणली होती. संध्याकाळी घरी पिशवी रिकामी केली तर तळाशी कागद अंथरलेले. मातीनं माखलेले, पण वाचता येण्यासारखे. बाळूच्या चौथीतल्या रफ वहीची पानं होती ती, श्रुतलेखनाची. ‘सूर्य’च्या जागी ‘सुय’. ‘प्रकाश’चं ‘पकाश’. ‘विद्यार्थी’ तीन वेळा, तिन्ही वेळा वेगळा. ‘भात’ कुठं ‘मात’, कुठं ‘भात’. म्हणजे इंग्रजी शाळेचं तोंड बघण्याआधी, स्वतःच्या मातृभाषेत, गावच्या ओळखीच्या गुरुजींसमोर हे चाललं होतं. फेअर वही फळ्यावरून उतरवलेली असते. मुलगा अक्षर वाचत नाही, अक्षराचं चित्र काढतो. चित्र चांगलं काढणारं पोर असेल तर वही देखणी होते, आणि आपण सगळे, मीसुद्धा, वही बघून पोराची परीक्षा करतो.

दुसऱ्या दिवशी मी त्याला चौथीचं मराठीचं पुस्तक वाचायला दिलं. धडाधड वाचलं. अगदी स्वल्पविरामाला थांबून. मग मी म्हटलं, आता शेवटची ओळ आधी वाच, मग तिच्या वरची. बाळू गप्प झाला. त्यानं माझ्याकडं बघितलं, त्या नजरेत पकडला गेल्याची भीती होती आणि, मला वाटतं, थोडी सुटकाही. सगळा धडा त्याला पाठ होता. वर्गात दुसरी मुलं वाचायची ते ऐकून त्यानं चार वर्षं पुस्तकं पाठ केली होती. हे करायला किती डोकं लागतं, याचा विचार करा.

हळूहळू त्यानं बाकीचंही सांगितलं. वाचायची पाळी जवळ आली की खडू आणायला जायचं. नाहीतर पाणी. गावच्या शाळेत घंटा द्यायचं काम त्यानं स्वतःहून मागून घेतलं होतं. शहरातल्या शाळेत घंटा विजेची, खडूचा डबा बाईंच्या टेबलातच. तिथं पोटदुखीशिवाय काही उरलं नव्हतं.

पुढचा क्रम मी सगळ्या पालकांना सांगते, म्हणून इथेही सांगते. आधी डोळे, मग कान. मध्यंतरी चंदगडच्या बाजूनं आलेल्या एका मुलीला ‘शिकायची अडचण’ म्हणून दोन वर्षं शिकवणी लावली होती. तिला एका कानानं जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. डोळे-कान ठीक असतील तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून तपासणी. ती मुलाच्या भाषेत व्हायला हवी. मराठी घरातल्या पोराला इंग्रजी शब्द वाचायला लावून केलेली चाचणी फार तर त्याचं इंग्रजी मोजते. सात-आठ वर्षांच्या आतल्या मुलावर पक्का शिक्का मारायचा नाही, कारण त्या वयात अक्षर उलटं काढणं पुष्कळांचं होतं.

बाळूचा अहवाल आला. बुद्धी वयाला शोभेल अशी, वाचन-लेखनात विशिष्ट अध्ययन अक्षमता. शब्द ऐकला की त्यातले आवाज सुटे करून प्रत्येकाला अक्षर लावणं, हे काम बहुतेकांच्या डोक्यात आपोआप होतं, काहींच्या होत नाही. त्यात आळस नाही, नजरेचा दोष नाही. मराठी बरीचशी जशी बोलतो तशी लिहिली जाते, म्हणून अशी मुलं मराठीत चुकत-माकत, संथ का होईना, ढकलत जातात. इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार यांची फारकत असते, तिथं तीच मुलं उघडी पडतात. आणि आमच्या भागात तिसरी लिपी आहेच. कन्नड द आणि ध, प आणि ष यांत जेमतेम एका रेघेचा फरक. मराठीत ‘सूर्य’चा रफार य च्या डोक्यावर बसतो, कन्नडमध्ये तो य च्या पुढं येऊन उभा राहतो. सीमाभागातल्या पोराला हे सगळं दहा-अकरा वर्षांच्या आत सांभाळायचं असतं. आपण मोठी माणसं भाषेवरून साठ-सत्तर वर्षं भांडतोय, त्याची पोरांच्या दप्तरातली बाजू ही अशी असते. गंमत म्हणजे बाळू कन्नड फर्डा बोलायचा. आज्जाबरोबर बाजार समितीत रताळी घेऊन जायचा, तिथल्या व्यापाऱ्यांशी घासाघीस तोच करायचा. अडत होतं ते लिपीत.

अहवाल समजावून सांगताना मी म्हटलं की हे बऱ्याचदा घराण्यात चालत येतं. बाळूचे वडील खाली बघत होते. पहिल्या भेटीत मी त्यांना फॉर्म भरायला दिला तेव्हा "चष्मा घरात ऱ्हायला" म्हणून त्यांनी तो बायकोकडं सरकवला होता. दुसऱ्या खेपेलाही चष्मा राहिला होता. आता बायको आणि मुलगा बाहेर गेल्यावर ते म्हणाले, "म्याडम, मला चष्मा न्हाईच." लेथवर ड्रॉइंगमधले आकडे त्यांना बरोबर कळायचे, मायक्रॉनची चूक होत नव्हती. ड्रॉइंगखालच्या सूचना मात्र ते शेजारच्या पोराला ‘जरा मोठ्यानं वाच, मशीनचा आवाज आहे’ म्हणून वाचून घ्यायचे. वीस वर्षं.

मग प्रश्न आला शाळेचा. आधीच्या शाळेतल्या बाईंना मी भेटले. वाईट बाई नव्हत्या. "छप्पन्न आहेत हो, मी एकट्यासाठी थांबले तर पंचावन्न गोंधळ घालतात," म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवी तीस मुलांमागं एक शिक्षक आणि सहावी ते आठवी पस्तीसमागं एक, असं प्रमाण घालून दिलंय, पण कायद्यातली तीस आणि बाकांवरची छप्पन्न यांची गाठ पडत नाही. बाळूला संध्याकाळी शिकवणी होतीच. तिथं पंचवीस मुलं, आणि शाळेत सकाळी जे झालं तेच परत, जरा वेगात. जे पोर दुसरीच्या पायरीवर अडकलंय त्याला सहावीचा धडा दोनदा शिकवून काय होणार?

शहराच्या कडेला एका जुन्या कौलारू घरात चालणारी एक छोटी शाळा मला माहीत होती. बावीस मुलं, शिकवायला तीन ताया. ‘खास मुलांची’ अशी पाटी नाही. कुणी बाळूसारखं, कुणी फार लाजाळू, कुणी नुसतं आई-वडिलांना मोठी शाळा नको होती म्हणून आलेलं. मराठीत ही कल्पना नवी नाही. कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं ते मुद्दाम लहान ठेवून. तरी आमच्याकडच्या पालकांना ‘छोटी शाळा’ म्हटलं की अजून दोनच गोष्टी आठवतात: पट घसरलेली सरकारी शाळा, नाहीतर मतिमंदांची शाळा.

पहिले तीन आठवडे तिथं बाळूच्या हातात पुस्तक दिलंच नाही. वडील अस्वस्थ. "फी घेतात आणि पोराला रताळी मोजायला लावतात," असं त्यांनी मला फोन करून सांगितलं. खरंच लावलं होतं. घरून रताळी आणायची, वजन करायचं, किलोला अमुक तर पोत्याला किती, हे तोंडी. ताईंना बघायचं होतं की त्याला येतं काय. गणित त्याचं वयाच्या पुढं होतं. आधीच्या शाळेत तो गणितात नापास होत होता तो उदाहरण वाचता न आल्यानं.

मग आवाजांचे खेळ. ‘कमळ’मधला क काढला तर काय राहतं? मळ. ‘पाटी’तला पा काढून तिथं मा ठेव. माटी. सगळं कानानं, लिहायचं काही नाही. बाळूला पहिल्या आठवड्यात दहापैकी चारच जमायचे. हे जमू लागल्यावर अक्षरं, तीही त्याच्या गोंधळाच्या हिशेबानं. आपल्या आज्ज्या-पणज्या ‘ग म भ न’ म्हणून मुळाक्षरं शिकल्या, वळणाच्या सारखेपणावरून. हाताला वळण लागायला ती पद्धत छान आहे. पण ज्याचा भ आणि म गुंततो त्याला ते दोन शेजारी शिकवणं म्हणजे गुंता घट्ट करणं. ताईंनी भ आधी पक्का केला: वाळूत काढायचा, पाठीवर बोटानं काढून ओळखायचा, भाकरी-भात-भुंगा यांत शोधायचा. म ची पाळी नंतर, पुष्कळ दिवसांनी आली. जोडाक्षरांना चौथा महिना उजाडला. कन्नड लिपी त्या वर्षी बाजूलाच ठेवली. बोलणं, गाणी, बाजारातले हिशेब तेवढे चालू. एका वेळी एकच लिपी, हे ताईंचं म्हणणं मला तेव्हा धाडसी वाटलं होतं. आता मी तेच सांगते.

सुधारणा कशानं होते, हे मी नंतर पुष्कळदा मनात घोळवलं. लोक म्हणतात, लक्ष जास्त मिळतं. बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञानं १९८४ साली मांडलं होतं की एकास एक शिकवलेला मध्यम मुलगा नेहमीच्या वर्गातल्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांच्या पुढं जातो. पुढच्या अभ्यासांत एवढा मोठा फरक सहसा दिसला नाही, पण फरक पडतो हे खरं. माझ्या अनुभवात मात्र लक्ष मिळण्याआधी आणखी एक गोष्ट घडते. छप्पन्नात लपता येतं. सातजणांच्या गटात लपायला जागा नसते, आणि थोड्या दिवसांत मुलाला कळतं की लपायची गरजही नाही, कारण शेजारचा दुसऱ्याच कशात अडकलाय आणि कुणी हसत नाहीये. बाळूची सगळी हुशारी लपण्यात खर्च होत होती. ती मोकळी झाली तेव्हा अक्षरांना वेळ मिळाला. पोटदुखी पाचव्या आठवड्यात थांबली, तोवर त्याला एक ओळसुद्धा नीट वाचता येत नव्हती.

आणि म्हणूनच नुसतं लहान असून भागत नाही. गावची सतरा पोरांची शाळाही लहानच होती की! पण दोन शिक्षक, पाच वर्ग, त्यात दुपारचं जेवण, दूध, मीटिंगा, ऑनलाइन माहिती भरणं. तिथंही बाळू चार वर्षं लपला. त्याच आवारात भिंतीला भिंत लावून कन्नड शाळा आहे. मी एकदा सहज डोकावले तर पहिली ते तिसरीची पोरं एकत्र, गोल करून, आपापली कार्डं घेऊन बसलेली. भिंतीवर शिकण्याची शिडी. प्रत्येक पोर आपण कुठल्या पायरीवर आहोत ते बघून पुढचं कार्ड उचलणार. हे ‘नली-कली’. १९९५ च्या सुमारास म्हैसूरच्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यातल्या सरकारी शिक्षकांनी सुरू केलेलं, मग राज्यभर गेलेलं. आनंदानं शीक, असा त्याचा अर्थ. सगळीकडं ते नीट चालतं असं नाही, कार्डं धूळ खातानाही मी पाहिलीत. पण त्या दिवशी त्या बाईंना मी विचारलं की कोपऱ्यातला तो मुलगा कुठं आहे, तर त्यांनी वही न उघडता पायरी सांगितली. भिंतीच्या अलीकडच्या मराठी शाळेत, तेवढ्याच मुलांत, बाळू कुठं आहे हे चार वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. छोटी शाळा बघायला जाल तेव्हा इमारत, फी, संगणक हे सगळं नंतर विचारा. एखाद्या मुलाकडं बोट दाखवून ‘ह्याला सध्या काय येतं आणि काय अडतंय?’ असं विचारा. उत्तर देताना ताई मुलाकडं बघते की रजिस्टर शोधते, ते बघा.

सगळं गोडच झालं असं नाही. चौथ्या महिन्यात गल्लीतल्या पोरांनी ‘डोकं नसलेल्यांची शाळा’ म्हणून चिडवलं आणि बाळू आठ दिवस घरी बसला. एका लग्नात आत्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "ह्येला कसल्या शाळंत घातलायसा?" आईनं काय उत्तर दिलं माहीत नाही, पण त्यानंतर ती माझ्याकडं एकटी आली आणि तासभर बोलली. तिथं कबड्डीचा संघ होईल इतकी मुलंच एका वयाची नव्हती, आणि बाळूला कबड्डीचं वेड. एक ताई बाळंतपणाला गेली तेव्हा दोन महिने गट विस्कटला. लहान शाळेचा हा मोठा दोष, सगळं दोन-तीन माणसांवर उभं असतं. पैशाचंही ओझं होतं. आईनं भिशी त्यात घातली. उद्यमबागेतल्या पगारात हे बसवणं सोपं नव्हतं, आणि ज्यांना अजिबातच शक्य नाही अशा घरांना मी ही शाळा सुचवतही नाही. त्यांच्यासाठी गावच्याच शाळेतल्या गुरुजींना बरोबर घेऊन रोज अर्धा तास, मुलाच्या पायरीवरून, एवढं जमवायचा प्रयत्न करते. कधी जमतं, कधी गुरुजींची बदली होते.

आता दहावी. खानापूरच्या आईंचा दुसरा प्रश्न. याला दोन वाटा आहेत. छोटी शाळा कुठल्याच बोर्डाला जोडलेली नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. तिची दहावी वयाची चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. पाच विषय लागतात, त्यांत भाषा एक घेतली तरी चालते, आणि भाषांच्या यादीत मराठीही आहे, कन्नडही. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, सुटलेला विषय सुटलेलाच राहतो. तीन लिप्यांत अडकलेल्या मुलाला हा केवढा मोकळा श्वास आहे! मात्र शाळावाले ‘काळजी करू नका, दहावी आम्ही बघतो’ म्हणाले तर नोंदणी कुठं करता, याआधी कितीजण बसले, हे विचारल्याशिवाय उठू नका.

दुसरी वाट नेहमीच्या शाळेत परत जाऊन एसएसएलसी, म्हणजे कर्नाटक बोर्डाची दहावी. तिच्यात पहिली भाषा एकटी १२५ मार्कांची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, त्यांत अध्ययन अक्षमता आली. प्रमाणपत्र असेल तर लेखनिक आणि जादा वेळ मागता येतो. लेखी परीक्षांसाठीच्या केंद्राच्या सूचनांत हा जादा वेळ तासाला किमान वीस मिनिटं धरलाय. यासाठी शाळेमार्फत अर्ज वेळेत करावा लागतो. फेब्रुवारीत धावाधाव करून काही होत नाही. ‘दिव्यांग’ हा शब्द कागदावर आला की घरचे बिचकतात. आज्जांनी मला थेट विचारलं, "पलटणीत घेतील न्हवं?" मी म्हटलं, आज्जा, आधी दहावी तर होऊ दे, मग पलटणीचं तुम्हीच बघा. ते हसले नाहीत, पण सही करायला बाळूच्या वडिलांना त्यांनीच पाठवलं.

बाळूनं दुसरी वाट घेतली, तीही स्वतः. छोट्या शाळेत दोन वर्षं काढल्यावर त्याला गावाजवळच्या मराठी हायस्कुलात आठवीला जायचं होतं. कारण कबड्डी. मी घाबरले होते, ताईही. जाण्याआधी ताईंनी तिथल्या मुख्याध्यापकांना भेटून अर्धं पान लिहून दिलं: याला फळ्यावरचं उतरवायला वेळ लागतो, प्रश्न वाचून दाखवला तर उत्तर येतं, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला लावू नये, त्याला वाचायचं असेल तर तो हात वर करेल. अर्ध्या पानाच्या वर काही नाही. जास्त लिहिलं तर कुणी वाचत नाही.

आता तो नववीत आहे. अशा गोष्टींत शेवटी मुलगा चित्रकार नाहीतर शास्त्रज्ञ निघतो. बाळू तसा कसला निघालेला नाही. मराठी वाचतो, संथ, बोट ठेवून. गणितात बरा. कन्नडच्या चाचण्यांत जेमतेम पास होतो, त्यावरून घरात अजून भांडण होतं. इंग्रजीची त्याला अजून धास्ती आहे. आयटीआय करून वडिलांबरोबर उद्यमबागेत जायचं म्हणतो, आज्जा अजून पलटणीचंच बोलतात. वर्गात एकदा त्यानं आपणहून हात वर करून चार ओळी वाचल्या. हे मला आईनं सांगितलं, त्यानं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "सोपा धडा होता."

खानापूरच्या आई गुरुवारी येणार आहेत. छोटी शाळा, गावची शाळा की आहे तिथंच थोडी मदत, ते मुलीला भेटल्याशिवाय मी सांगणार नाही. लोक काय म्हणतील, त्यावर बोलायला आम्हाला एका बैठकीहून जास्त लागेल. काल परत फोन आला तेव्हा मी त्यांना म्हटलं की येण्याआधी कानाची तपासणी करून घ्या आणि वह्या घेऊन या.

"आणते की. अक्षर लई चांगलं हाय ओ तिचं. फेअर वह्या सगळ्या कव्हर घालून ठेवल्यात."

"फेअर राहू द्या, रफ आणा. जुन्याही चालतील, मागच्या वर्षीच्या."

"त्या तर रद्दीत बांधल्या, म्याडम."

"गेली का रद्दी?"

पलीकडं भांडी सरकवल्याचा आवाज आला. मग, "थांबा, बघते. माळ्यावर असंल अजून."